फ्रिजला कुलूप

सारिकाचं रक्त थांबत नव्हतं आणि औषधाच्या फ्रिजला कुलूप होतं.

गुरुवारची दुपार. आमचं तालुक्याचं छोटं सरकारी हॉस्पिटल. लोहारा गावाकडची सारिका बाळंत झाली, मुलगी झाली, वार पडली. तिथवर सगळं ठीक. मग रक्ताची धार लागली. बाळंतपणानंतर गर्भाशय आवळून दगडासारखं टणक व्हावं लागतं, तेव्हा रक्त थांबतं. तिचं सैलच. डॉक्टरांनी गर्भाशय दोन्ही हातांनी दाबून धरलं. मी गोळ्या दिल्या, सलाईन लावलं. "सिस्टर, ऑक्सिटोसिन टाका त्यात, लवकर!" डॉक्टर ओरडले. ऑक्सिटोसिन म्हणजे गर्भाशय आवळणारं इंजेक्शन. ते थंडाव्यात ठेवावं लागतं. बाहेर आइस-बॉक्समध्ये ठेवलेली इंजेक्शनं सकाळच्या दोन बाळंतपणांत आणि सारिकाच्या पहिल्या डोसात संपली होती. बाकीची फ्रिजमध्ये.

फ्रिजला कुलूप का, तर तपासणी. सोमवारी पत्र आलं. मंगळवारी इन्चार्ज सिस्टरांना फ्रिजमध्ये दह्याचा डबा सापडला. "तपासणीत हे दिसलं तर माझी नोकरी जाईल," म्हणून त्यांनी सुतार बोलावून फ्रिजला कडी-कोयंडा ठोकला आणि किल्ली पर्समध्ये टाकली. डबा माझा होता. मी गप्प बसले. किल्ली ड्युटीवरच्या सिस्टरकडं पाहिजे, हे मला तेव्हाच कळत होतं. पण बोलले असते तर डबा कुणाचा हे निघालं असतं. बुधवारी मागून मागून चार इंजेक्शनं बाहेर काढून घेतली आणि दिवस ढकलला. गुरुवारी इन्चार्ज मीटिंगला धाराशिवला गेल्या, पर्स घेऊन.

मी फोन लावला.

"कुलूप तोडू नका हं! उद्या तपासणी आहे. मी निघालेच, तासाभरात पोचते."

"तासाभरानं कुणाला टोचायचं, मॅडम? बाई राहील का तोवर?"

"लेखी ऑर्डर घ्या मग कुणाची तरी."

मी फोन आपटला. अंगाची नुसती आग झाली. दारात सारिकाची सासू बाळ छातीशी धरून उभी होती. "काय झालंय व माज्या सुनंला? पांढरी फटक पडलीय की! कायतरी करा की व!" तिला काय सांगणार, की औषध आहे पण आत आहे?

आमच्या सफाईच्या गिरजामावशी फरशीवरचं रक्त पुसत होत्या. फडकं टाकून त्या बाहेर पळाल्या आणि अँब्युलन्सच्या बालाजी ड्रायव्हरला घेऊन आल्या. त्याच्या हातात जॅकचा दांडा. पण फ्रिज हलका, दांडा लावला की सगळा फ्रिजच सरकायला लागला. "तू वढ, म्या धरते," म्हणत मावशींनी फ्रिजला मिठी मारली. दोन हिसक्यांत कोयंडा उपटला, दाराचा पत्रा फाटला. मी इंजेक्शन सलाईनमध्ये सोडलं. डॉक्टरांनी हात काढला नाही. घाम डोळ्यांत जात होता, तो मावशींनी पुसला. बऱ्याच वेळानं डॉक्टर म्हणाले, "आवळतंय." धार कमी झाली. बालाजीनं तिला रक्त चढवायला धाराशिवला नेलं. मी सोबत गेले, पूर्ण रस्ता तिच्या पोटावर हात ठेवून.

संध्याकाळी परतले तर इन्चार्ज फ्रिजपुढं उभ्या.

"कुणी तोडलं, लिहून द्या मला."

"मी तोडायला लावलं. आणि तो डबाही माझाच होता, तेही लिहून घ्या."

"मग मंगळवारी का नाही बोललात?"

प्रश्न बरोबर होता. त्यामुळं मला जास्तच राग आला आणि मी नको नको ते बोलले. त्याही बोलल्या.

शुक्रवारी तपासणी झाली. फाटका फ्रिज पडद्यामागं ढकलला होता. शनिवारी हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी मीटिंग घेतली. सारिका वाचल्याचा धाराशिवहून फोन आला होता. "याला म्हणतात टीमवर्क!" साहेब खूश. "चला, एक फोटो काढू, वर पाठवायचाय." आम्ही उभे राहिलो. तेवढ्यात क्लार्क गिरजामावशींना म्हणाला, "तुम्ही जरा बाजूला व्हा, तुम्ही कंत्राटी."

मावशी निमूट सरकल्या. तेच बघवेना.

"त्या नसतील तर मीही नाही," मी म्हणाले. बालाजी माझ्याआधीच बाहेर निघाला होता. डॉक्टरही निघाले. साहेब वैतागले. "अहो, फोटोच आहे! पाहिजे तरी काय तुम्हाला?"

उत्तर इन्चार्जनी दिलं, जागेवरून न हलता. "किल्ली माझ्याकडं ठेवली ती माझी चूक, साहेब. फाटक्याच्या जागी नवा फ्रिज येईल, त्याला कुलूप नको."

फोटो निघालाच नाही. नव्या फ्रिजला कुलूप नाही.

आणि टीमवर्क म्हणाल, तर रक्त वाहताना सगळेच धावतात, त्यात काय मोठंसं! मंगळवारी, सुतार खिळे ठोकत होता तेव्हा, आम्ही पाच जणी तिथंच उभ्या होतो. एकीनंही तोंड उघडलं नाही.