दरीकडचं दार

एदेल्मीरा कार्कामो, म्हणजे आमच्या टेकडीवर मानाने जिला दोन्या मिरा म्हणतात ती, वालपाराइसो बंदराच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभी हयात घालवून निवृत्त झाली. नवरा लवकर गेला. धाकटी बहीण ओर्तेन्सिया तिच्याकडेच राहायची, तीही गेल्या हिवाळ्यात गेली. अंतोफागास्ताहून आलेल्या मुलाने राउटर बसवून दिला आणि वर बोलणारा एक स्पीकर. पासवर्ड मात्र कोणी घातला नाही.

"माझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय? गुडघेदुखी?" ती म्हणायची.

मी शेजारीण. खालच्या शाळेत संगणक शिकवते. एका दुपारी सोपाईपिया, भोपळ्याच्या पुऱ्या, तळल्या म्हणून चार तिला द्यायला गेले. समुद्रावरून धुकं चढून दरी भरत होती. दोन्या मिरा स्वयंपाकघरात अंगात कोट घालून उभी होती.

"कुठे निघालात?"

"हळू बोल. ओर्तेन्सिया बोलतेय."

मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. तेवढ्यात फळीवरचा स्पीकर कुजबुजला, "मिरा, निळा कोट नको. थंडी आहे. जाड घाल."

तिच्या अंगात निळाच कोट होता. मी ताटली ओट्यावर ठेवली.

मग तिने सगळं सांगितलं. आवाज पंधरवड्यापूर्वी सुरू झाला. आधी नुसता श्वास, मग नाव. खिडकी लाव, दूध उतू जातंय, असं काहीबाही. बाई की पुरुष ते कुजबुजीवरून कळत नव्हतं. पण बहिणीवाचून तिला 'मिरा' एवढ्या मायेने कोण हाक मारणार? तीही दिवसभर बोलत बसे. आज आवाज म्हणाला होता, दरीकडचं दार उघडून पायऱ्यांपाशी ये.

"आणि तुम्ही निघालात?"

"बहीण बोलावते तर जाऊ नको?"

मी स्पीकरची वायर खेचली. मग राउटरसमोर बसले. वायफायचं जाळं सताड उघडं होतं. राउटरच्या आत शिरायचा पासवर्डही कारखान्यातून आला तोच. घराबाहेर बसलेला कोणीही त्या स्पीकरला आपल्या फोनवरून बोलायला लावू शकत होता. खिडकीतून दिसेल ते तो तिला सांगत होता, एवढंच.

मी आतला पासवर्ड बदलला, हवेतून जाणारं सगळं गुप्त लिपीत बांधणारी सोय चालू केली, बटण दाबून कोणालाही आत घेणारी वाट बंद केली.

"आता वायफायसाठी नवा पासवर्ड सांगा. ओर्तेन्सिया सोडून काहीही."

ती रडायला लागली. "तिचंच नाव नको म्हणतेस?"

"तेच तर त्याला आधी सुचेल."

शेवटी तिने एकमेकांशी काही संबंध नसलेले चार शब्द निवडले. मी ते टाकले. घर एकदम गप्प झालं. नळाचा थेंब ऐकू यायला लागला.

धुकं थोडं विरल्यावर मी दरीकडे उतरले. झुडपांमागे प्लास्टिकची खुर्ची होती, तोंड नेमकं स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. खाली सिगारेटची थोटकं, काही जुनी, एक अजून धुमसत होतं.

धावत वर आले, पोलिसांना फोन लावला. मग तिचा फोन नव्या जाळ्याला जोडावा म्हणून मी आसपासच्या जाळ्यांची नावं उघडली. तिचं नाव दिसलं, माझं दिसलं. त्यांच्याखाली एक तिसरं उमटलं. कोणीतरी आपल्या फोनच्या हॉटस्पॉटला नाव दिलं होतं: "मिरा दार उघड".

मी फोन घेऊन दरीकडच्या दाराकडे सरकले. त्या नावापुढच्या सिग्नलच्या रेघा वाढत गेल्या. दारापाशी पूर्ण भरल्या. लाकडापलीकडे कोणी हललंसुद्धा नाही.

दोन्या मिराने माझा हात गच्च धरला आणि दाराकडे तोंड करून, एक्स्चेंजमध्ये बोलत असेल तशा कोरड्या, स्वच्छ आवाजात म्हणाली, "या नावाचं इथे कोणी नाही. लाइन बंद करते."

नाव विझलं.

पोलीस आले तोवर खुर्चीही नव्हती. माणूस कधीच सापडला नाही. मुलाने दाराला लोखंडी जाळी बसवली, पायऱ्यांवर दिवा लावला. स्पीकर तिने मला देऊन टाकला. माझ्या कपाटात तळाशी पडून आहे, मी तो कधी लावलेला नाही.

गेल्या रविवारी चहा पिताना ती म्हणाली, "कुलूप बरोबरच घातलंस गं. पण पंधरा दिवस मला कोणी जाड कोट घाल म्हणत होतं, हेही खरंच की."

मी तिच्या कपात चहा ओतला.