मागच्या दारावरचा ओरखडा

पोळ्याचा दिवस, चिमूरजवळचं आमचं गाव. हजर: बाबा, मी, माझी नवीकोरी पांढरी गाडी आणि बाबांचा बैल लाल्या.

आज बल्लारपूरच्या गॅरेजात ओल्या रंगाचा वास आला आणि तो दिवस आठवला. पूजेला आणलेल्या लाल्यानं मान झटकली आणि त्याच्या रंगवलेल्या शिंगानं गाडीच्या मागच्या दारावर लांब लाल ओरखडा काढला. मी रडकुंडीला आले. बाबा मात्र हसले. “रडून काऊन राह्यली? आता बाजारात पन्नास पांढऱ्या गाड्या राहू दे, आपली मले बरोबर सापडते.”

तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता बाबांना माझं नावही आठवत नाही. दवाखान्यात न्यायचं तर दुसऱ्या कुठल्या गाडीत ते बसत नाहीत. या दारापाशी येतात, ओरखड्यावरून बोट फिरवतात, “आपलीच हाये,” म्हणतात आणि निमूट आत बसतात.

त्या ओरखड्यात आता गंज शिरला आहे. “बाई, दार सडून राह्यलं. मारू का रंग?” मिस्त्रीनं विचारलं. बाकीची सगळी कामं मी त्याला भराभर सांगितली. एवढं मात्र सांगायचं राहिलं आहे.