आमदार येणार म्हणून उपसलेली विहीर

मी प्राथमिक शाळेतली बाई. पोराची पोटदुखी खरी की गृहपाठ न केल्याची, हे चेहऱ्यावरून ओळखण्यात माझी अख्खी नोकरी गेली. नोकरी संपली, पण खोड राहिली. त्यामुळे आमच्या भागाचे आमदार वस्तीवर विहिरीचं पाणी बघायला येणार असं कळलं, तेव्हा लोक खूश झाले आणि मी विचारलं, "आत्ताच का?" निवडणूक तर होऊन गेली होती. मत मागायचं नसताना आमदार दारात येतो म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय.

विहीर आमचीच होती, पण अख्खी वस्ती तिचं पाणी प्यायची. शेजारच्या ओढ्यात साखर कारखान्याचं मळीचं पाणी सुटायला लागल्यापासून ती बिघडली होती. पाण्याला तांबूस रंग, कुजका वास. पोरांच्या अंगाला खाज सुटायची. माझी सून तेव्हा पोटुशी होती. नगरच्या डॉक्टरीणबाईंनी तिला हे पाणी बंद करा म्हणून बजावलं होतं, पण जारचा टेम्पो वस्तीपर्यंत नियमानं यायचा नाही. बाळंतपणाला माहेरी, राहुरीला जायला अजून अवकाश होता, पण तिनं मला आधीच शांतपणे सांगून टाकलं, "आत्या, पानी चांगलं झाल्याबिगर मी बाळाला घेऊन हिकडं यायची न्हाई." मला तिचा राग आला. तिचं खरं होतं, म्हणून जास्तच आला.

आमदार यायच्या आदल्या दिवशी सरपंच चार माणसं आणि पाणी उपसायच्या दोन मोटारी घेऊन हजर झाले. यात्रेच्या आधी गावची विहीर उपसतात ना, तशी त्यांनी आमची विहीर उपसायला घेतली. सगळं पाणी उसात सोडलं, तळ घासला, पावडर मारली आणि वरून टँकर ओतला. मी आडवी गेले. "अहो, जे दाखवायचं तेच तुम्ही काढून टाकताय!"

"बाई, पाव्हण्याम्होरं घान पानी कसं ठेवायचं?" सरपंच म्हणाले. "गावाची अब्रू हाय का न्हाई?"

हा माणूस कारखान्याला फितूर आहे, अशी माझी खात्रीच झाली. पण आमचे हे स्वतः दोर धरून विहिरीत वाकलेले दिसले, तेव्हा मी बाजूला झाले. मोटार सुरू व्हायच्या आधी भरलेली एक घागर तेवढी स्वयंपाकघरात होती. ती मी झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी आमदार आले. सोबत सहायक, फोटो काढणारा, आणि मागे कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे कुणाच्या उसाला तोड कधी द्यायची ते सांगणारा माणूस. त्याला कुणी बोलावलं होतं, ते मला आजवर कळलेलं नाही. आमदारांनी विहिरीत डोकावून पाहिलं. पाणी नितळ. त्यांनी ह्यांना विचारलं, "काय मालक, कसं आहे पाणी?"

ह्यांनी एकदा चिटबॉयकडं पाहिलं, एकदा शेतात उभ्या उसाकडं. "चांगलं हाय की, साहेब."

मला रडू आलं. माझ्या घरातलाच माणूस माझ्या नातवंडाच्या तोंडचं पाणी विकून मोकळा झाला, असंच मला वाटलं.

मग मंडळी आमच्या पडवीत बसली. आलेल्याला आधी पाणी द्यायचं, मग चहा विचारायचा, ही आपली रीत. मी काचेचे पेले काढले, घागरीतलं पाणी भरलं आणि एक आमदारांच्या हातात दिला. सहायकानं लगेच सीलबंद बाटली पुढं केली. आमदारांनी ती बाजूला सारली. फोटोसाठी असेल, मी मनात म्हटलं. पेला त्यांनी उजेडात धरला नाही, वास घेतला नाही, सरळ ओठाला लावायला निघाले.

"साहेब, ते नका पिऊ!"

हे ओरडले होते. उठून त्यांनी आमदारांचा हात धरला होता. चिटबॉय बघत होता, सरपंच बघत होते, आणि ह्यांना कुणाचं भान नव्हतं. "चांगलं न्हाई ते. पाव्हण्याला कसं पिऊ द्यायचं?"

आमदारांनी पेला खाली ठेवला. "मग रोज कोण पितं हे?"

स्वयंपाकघराच्या दारातून सून म्हणाली, "आमी."

पाहुण्याला जे चालत नाही ते घरच्या पोटुशीला चालत होतं, हे त्या एका शब्दात सगळ्यांना कळलं. ह्यांनी मान खाली घातली.

आमदारांनी सहायकाची बाटली रिकामी करवून त्यात घागरीतलं पाणी भरून घेतलं. अधिवेशनात प्रश्न मांडला. प्रदूषण खात्याचे अधिकारी आले, ओढ्यात उघडणारा पाईप बुजवला गेला. देवळाच्या सभामंडपात आरोग्य शिबिर झालं, खाजेची औषधं मिळाली. एवढं होऊनही मी त्यांचा स्वार्थ शोधत होते. जारच्या पाण्याचा धंदा त्यांच्या भाच्याचा असणार, असं माझ्या मनानं घेतलं. मी चौकशी केली. तो निघाला भलत्याचाच. मी थोडी निराशच झाले. त्या वर्षी आमच्या उसाला तोड फार उशिरा मिळाली, तुरे आले, वजन घटलं. हे एका शब्दानं बोलले नाहीत.

सून राहुरीला गेली, तिथं तिला मुलगी झाली. उन्हाळ्याच्या तोंडाला आमदारांचा स्वतःचा फोन आला. "ताई, तपासणी झाली. पाणी पिण्याजोगं आहे. आणा आता नातीला."

मी लगेच राहुरीला फोन लावला. मागे नातीचं कुरकुरणं ऐकू येत होतं. सून सगळं ऐकून म्हणाली, "आत्या, तुमी पेताय का ते?"

मी जारचंच पीत होते. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. "थांब," म्हटलं, आणि फोन कानाला तसाच धरून विहिरीवर गेले. तो स्पीकरवर टाकून काठावर ठेवला, ताजं पाणी शेंदलं, ओंजळीनं प्याले. रंग नव्हता, वास नव्हता.

"गोड आहे गं," मी म्हणाले.

तिनं विचारलं, "खरं सांगताय नव्हं?"

आजवर मी सगळ्यांवर संशय घेतला, माझ्यावर कुणी घेतला नव्हता. मी पुन्हा एक ओंजळ प्याले. पुन्हा गोडच लागलं. पण नात अजून मी फक्त फोनमध्ये पाहिली होती. ती मांडीवर हवी म्हणून जीव तुटत होता, आणि अशा बाईला त्या दिवशी कुठलंही पाणी गोडच लागलं असतं.

"तू नको येऊस इतक्यात," मी म्हणाले. "उन्हाळाभर मी पिऊन बघते. तोवर मीच येते तिकडं, तिला बघायला."