आत्याचं सगळ्यात भिकार काम

"दिसता कामा नये," असं आत्या म्हणायची. सुईत दोरा ओवताना म्हणायची, काम संपल्यावर कापड उजेडाकडे धरून म्हणायची. आणि गिऱ्हाइकानं "भोक नेमकं होतं कुठं?" असं विचारलं की काहीच म्हणायची नाही, नुसती चष्म्यावरून बघायची. तेवढंच तिचं मिरवणं.

लॉन्ड्रीशेजारी, जिन्याखालच्या जागेत तिचं रफूचं दुकान. एक खुर्ची, एक दिवा आणि डबाभर सुया. बाहेरचा दोरा ती वापरायची नाही. त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून एकेक धागा उपसायचा आणि त्यानंच भोक विणून काढायचं. कोट बरा व्हायचा आणि कोटालाही पत्ता लागायचा नाही. तीस वर्षं असं बसून तिची मान कायमची वाकली होती, पण कामाच्या बाबतीत ती मान कुणापुढे वाकलेली कुणी पाहिली नव्हती.

भाऊ ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. त्यामुळे आई नसलेली भाची आत्याकडेच वाढली. सातवीत होती, अंगानं एवढीशी, म्हणून घरात तिला मुंगी म्हणायचे. त्या वर्षी मुंगीचा शाळेचा निळा स्कर्ट फाटायला लागला. आधी म्हणे खिळ्याला अडकला, मग बाकाला, मग कुंपणाला. आत्या रफू करत गेली. तिसऱ्या वेळी तिच्या बोटांना कळलं. फाटलेल्या कापडाच्या दशा लांबआखूड असतात. या सगळ्या एका रेषेत होत्या. हे कात्रीचं काम.

आत्यानं विचारलं नाही. पोरीपोरींची मस्करी असेल, होईल आपोआप बंद, अशी स्वतःची समजूत घातली आणि आणखी बारीक सुई घेतली.

पाचव्या रफूनंतरच्या रविवारी सकाळी मुंगीनं दप्तर आणून आत्याच्या खुर्चीखाली सारलं. "मी उद्यापासून शाळेत जाणार नाही. तुझ्याकडे बसून सुईकाम शिकेन."

"कोण कापतं गं?" आत्यानं विचारलं.

मुंगी जिन्याच्या पायऱ्यांकडे बघत म्हणाली, "मागच्या बाकावरची, ती उंच. हस्तकलेच्या तासाला. बाकीच्या माझे हात धरतात."

"आणि बाईंना सांगायचं नाही होय?"

"सांगितलं ना, शुक्रवारी. बाई म्हणाल्या, दाखव बरं कुठं कापलंय. मी स्कर्ट पुढे धरला. त्यांनी जवळून बघितलं, उलटा करून बघितला. काहीच नव्हतं, आत्या. सगळा वर्ग हसला. तेव्हापासून मला खोटारडी म्हणतात."

आत्याची सुई कापडात होती तिथंच थांबली. तीस वर्षांत तिच्या कामाची इतकी तारीफ कुणी केली नव्हती, आणि इतकं झोंबलंही काही नव्हतं.

"मला तिसऱ्या वेळीच कळलं होतं, बाळा," ती म्हणाली. "मी गप्प बसले."

मुंगीनं मान वर केली. "कळलं होतं? म्हणजे दिसतं?"

"मला दिसतं."

"मग बाईंनाही दिसू दे." मुंगी जिना चढून घरात गेली आणि स्कर्ट घेऊन आली. "हे सगळं उसव. आणि दिसेल असं शीव."

"मी येते उद्या. बघतेच त्या उंटिणीकडे."

"ये. पण बोलू नकोस. मी बोलेन."

आत्यानं आयुष्यात पहिल्यांदा लाल दोऱ्याचं रीळ विकत आणलं. दुपारभर ती स्वतःचंच काम उसवत होती. एकेक धागा निघताना कुणी आपलीच नखं उपटतंय असं वाटत होतं. मग स्कर्ट मुंगीच्या अंगावर चढवून जाड सुईनं तिनं पाचही जागी लाल, ओबडधोबड टाके घातले.

"आत्या, भिकार दिसतंय गं," मुंगी म्हणाली आणि कित्येक दिवसांनी हसली.

"आहेच भिकार. हलू नकोस."

सोमवारी आत्या फाटकाशीच थांबली. मैदानात ती उंच मुलगी आडवी आली. "काय गं खोटारडे, आत्याचे डोळे गेले का?"

फाटकाशी आत्याचे पाय पुढे जायला उचलले जात होते, पण मुंगीनं बोलू नकोस म्हटलं होतं, म्हणून ती थांबली.

मुंगी मागे सरली नाही. "मोज," ती म्हणाली. "पाच आहेत. पाचही तू कापलेस. बाई येईपर्यंत मी इथून हलणार नाही."

उंच मुलगी मोठ्यानं हसली. या वेळी तिच्यासोबत कुणी हसलं नाही. बाई आल्या, वाकल्या, त्यांनी लाल टाक्यांवरून बोट फिरवलं. तेवढ्यात मागून एक बारीक आवाज आला, "बाई, मी तिचे हात धरले होते."

पुढचं बोलणं मुख्याध्यापिकांच्या खोलीत झालं, आत्यालाही आत बोलावलं. मुंगीनं सगळं सांगितलं, एकदाही न रडता. बाहेर येताना बाईंनी आत्याला विचारलं, "शुक्रवारी मला हे कसं दिसलं नाही?"

"माझी चूक. काम फार चांगलं झालं होतं."

"आता पुन्हा नीट करून द्याल ना?"

"मी म्हटलं तिला. ती म्हणते, वर्ष संपेपर्यंत असंच राहू दे."

आत्या निघाली. दुकान उघडायला उशीर झाला होता. मैदान ओलांडून वाकल्या मानेनं, भराभर ती फाटकाबाहेर पडली. व्हरांड्यात लाल टाक्यांचा स्कर्ट घातलेली मुंगी तिच्याकडे बघत होती. आणि खोलीच्या दाराशी उभी केलेली ती उंच मुलगीही.