चंद्रीनं झेललेली बनेटी

मी गाव सोडलं ते कर्जत स्टेशनावरून, सकाळच्या पुण्याच्या गाडीनं. घाट चढायला मागून इंजिन जोडत होते, त्यामुळं गाडी बराच वेळ नुसती उभी होती, आणि तो वेळ मला सोसवत नव्हता. फलाटावर पोचवायला एकट्या कुसुमबाई आल्या होत्या, आमच्या शाळेतल्या बाई. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरातल्या कोणी स्टेशनात पाय ठेवायचा नाही असं बजावलं होतं. आई तरीही आली. पण आबांचा शब्द मोडला असं व्हायला नको म्हणून कुंपणाबाहेर उभी राहिली आणि तारांमधून तिनं भाकरीचं गाठोडं माझ्या हातात दिलं.

"जा पारू. पर रागानं जाऊ नको गं," ती म्हणाली.

"रागानंच चाललेय," मी म्हटलं.

मी सतरा वर्षांची होते. आईला तसं तोडून बोलल्याचं मला पुढं फार लागलं, पण बोलले ते खोटं नव्हतं. तुम्ही गावात राहिलेले लोक म्हणता, पारू शिकायला गेली. माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या कितीतरी जणीही आपापल्या गावाबद्दल असंच काहीतरी सांगतात. मी का गेले ते आज लिहिते.

आबा भात पिकवायचे, पण पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं ते बनेटीसाठी. बनेटी म्हणजे दोन्ही टोकांना कापडाचे घट्ट गोळे बांधलेली लांब काठी. मधोमध धरून ती डोक्यावर, पाठीमागं, मांडीखालून अशी फिरवायची की बघणाऱ्याला काठी दिसूच नये, नुसतं चक्र दिसावं. शिमग्याला आणि वरातींना आबा पुढं असायचे. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी मला शिकवलं. भात झोडून झालं की रिकाम्या खळ्यात ते मला उभं करायचे. "काठीकडं बघू नको. ती कुठं हाय ते मनगटाला म्हाईत असतं."

लढाईची वर्षं होती. सैनिकांच्या गाड्या कर्जतला थांबायच्या. एकदा आम्ही बापलेक स्टेशनावर भाजी घेऊन गेलो होतो, तर फलाटावर पलटणीचा बँड वाजत होता. बँडच्या पुढं एक उंच गोरा. त्यानं हातातली चांदीच्या मुठीची काठी फिरवत फिरवत एकदम वर फेकली आणि पुढं बघत, पाऊल न चुकवता झेलली. मी टोपली खाली ठेवली. बनेटी हातातून सोडायची असते हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

"त्याची काठी आखूड हाय, म्हणून जाते वर," आबा म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी काठी हातभर कापून दिली. तो माणूस असा होता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढं जे त्यांनी केलं ते एखाद्या वाईट माणसानं केलं असतं तर मला इतका राग आला नसता.

कुसुमबाई पुण्याहून आमच्या शाळेत आल्या आणि त्यांनी मुलींचं पथक काढायचं ठरवलं. आम्ही सोळा जणी. पुढं मी, माझ्या शेजारी चंद्री. चंद्री आमच्या आळीतली, माझ्याच वर्गातली, पाटीवर लिहितानासुद्धा पाय ठेक्यात हलवणारी. मी फेकायला शिकवलं तिला, आणि दोन महिन्यांत ती माझ्याहून उंच फेकायला लागली. स्वातंत्र्य मिळणार हे पक्कं झालं तेव्हा ठरलं की त्या सकाळच्या मिरवणुकीत शाळेपासून चावडीपर्यंत आमचं पथक पुढं चालणार. आयांनी जुनी लुगडी फाडून गोळे वळले. आम्ही ते केशरी आणि हिरवे रंगवले. भातलावणीनं पोरींची कंबर मोडलेली असायची, तरी रोज संध्याकाळी एकही जण चुकली नाही.

आदल्या दुपारी गावातले अण्णा शाळेत आले. अण्णा तुरुंगात जाऊन आलेले, गावात त्यांच्या शब्दाला मान. ते गोड आवाजात म्हणाले, "मुलींनी मेहनत घेतली, कौतुक आहे. पण उद्या बाहेरगावचे लोक येणार. पुढं मुलगे राहतील. मुलींनी आरत्यांची ताटं घेऊन मागून यावं. ते शोभून दिसेल."

कुसुमबाई भांडल्या. त्यांना अण्णांनी शांतपणे विचारलं, "बाई, तुमची नेमणूक कायम झाली का?"

मुलग्यांना एका दुपारीत शिकवणार कोण? आबा. अण्णांनी बोलावलं आणि आबा आले. आमच्या सोळाच्या सोळा काठ्या त्यांनी स्वतःच्या हातांनी गोळा केल्या. माझ्यापाशी आले तेव्हा मी काठी सोडली नाही.

"आबा, ही आमची हाय."

"गावाची हाय. सोड."

"तुमीच शिकवलंत ना?"

"खळ्यात शिकवलं," ते म्हणाले. "रस्त्यात नाय." आणि त्यांनी माझी बोटं एकेक करून उघडली.

दुसऱ्या दिवशी मी ताट घेऊन मागून चालले. चावडीसमोर चिखल झाला होता. पुढच्या मुलानं, अण्णांच्याच पुतण्यानं, बनेटी फिरवायला घेतली. तिसऱ्या फेऱ्याला ती त्याच्या गुडघ्यावर आपटली आणि चिखलात पडली. ढोल थांबला. तेवढ्यात चंद्रीनं ताट खाली ठेवलं. गर्दीतून पुढं गेली, काठी उचलली, पदराला पुसली, फिरवली आणि फेकली. चावडीच्या कौलांच्याही वर गेली ती. खाली आली तेव्हा चंद्री तिच्याकडं बघतसुद्धा नव्हती. झेलली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनीही. तुमच्यातले जे तिथं होते त्यांनी सगळ्यांनी वाजवल्या.

आणि मी? मी ताट धरून उभी होते. माझ्या मागं चौदा जणी माझ्याकडं बघत होत्या, मी हलले असते तर हलल्या असत्या. मी आबांकडं बघत होते.

चौथ्या दिवसापासून चंद्री शाळेत येईना. तिच्या मोठ्या भावानं, चारचौघांत घराची अब्रू घालवली म्हणून, तिला त्याच काठीनं मारलं होतं. उजव्या मनगटावर. हाड मोडलं. डॉक्टरकडं नेलं नाही. हळद बांधली आणि ते वाकडं जुळलं. तिचं ओरडणं आळीनं ऐकलं. माझ्या घरानं ऐकलं. मी आबांना म्हटलं, तुम्ही जा, तिच्या बापाला सांगा, तुमचं तो ऐकेल.

"दुसऱ्याच्या घरातलं हाय ते," आबा म्हणाले.

काठी गावाची आणि मनगट दुसऱ्याच्या घरातलं! त्या दिवसापासून मी आबांशी बोलले नाही. मार्गशीर्षात चंद्रीचं लग्न लावून तिला खालापूरच्या मागच्या एका वाडीत धाडलं. मी सातवीची फायनल पास झाले, कुसुमबाईंनी पुण्याच्या शिक्षिकांच्या ट्रेनिंगचा फॉर्म भरला, आणि मी त्या गाडीत बसले.

पुढं नागपूरला नोकरी लागली, ड्रिलची टीचर. मैदान, शिट्टी, पांढरे कॅनव्हासचे बूट. तिथल्या मुली "बाई, बघून राहिली ना मी" असं बोलायच्या. पहिल्या वर्षी मला हसू यायचं, आता माझ्याही तोंडात तेच बसलंय. एका मासिकात अमेरिकेतल्या मुलींचा फोटो पाहिला. बँडच्या पुढं, हातात चकाकती आखूड काठी, आणि मागं अख्खं शहर लोटलेलं. मेजरेट म्हणतात त्यांना. सगळ्या स्टाफरूमनं तो फोटो कौतुकानं पाहिला. मला तो फाडावासा वाटला. आमच्याकडं हे चिखलात, अनवाणी, फाटक्या लुगड्याच्या गोळ्यांवर झालं होतं, आणि आम्ही त्याचं काय केलं?

आबा गेले तेव्हा मी आले होते. आई म्हणाली, त्या मिरवणुकीनंतर त्यांनी बनेटी कधी हातात घेतली नाही. मला वाईट वाटावं म्हणून ती सांगत होती. मला वाटलं, हे त्यांनी मला सांगायला हवं होतं. चंद्रीला तर आधी.

परतताना मी खालापूरला उतरून चंद्रीला शोधत गेले. ओटीवर तांदूळ निवडत बसली होती, डाव्या हातानं. मी रडायला लागले. ती रडली नाही.

"तू ताट धरून हुबी व्हतीस," ती म्हणाली. "मी वर फेकली तवा वाटलं, आता पारू येल. खाली आली तरी तू नाय आलीस."

मी डोळे पुसले. मग तिनं विचारलं, "तुज्या पोरी वर फेकतात का गं?"

"फेकतात."

"कोन मारत नाय ना?"

"नाही."

"मग बस आता. च्या घे."

त्यानंतर दर सुट्टीत मी तिच्याकडं जाते.

गेल्या महिन्यात गावच्या शाळेचं, तुमचं, पत्र आलं. स्मरणिका काढताय, 'मुलींच्या बनेटी पथकाची उज्ज्वल परंपरा' असं पान ठेवलंय, कार्यक्रमाला प्रमुख पाहुणी म्हणून मी यावं आणि चार गोड आठवणी लिहाव्यात. सोबत नावांची यादी होती. अण्णा प्रेरणास्थान, आबा मार्गदर्शक, मी संस्थापक. चंद्रीचं नाव नाही. मी विचारलं तर उत्तर आलं, त्या वर्षी तिचं नाव पटावरून कमी झालं होतं, नोंद सापडत नाही.

नोंद मी दिली आहे. वर लिहिलंय ते सगळं छापा. छापणार नसाल तर माझं नावही काढा.

लोक विचारतात, बाई, घरी कधी जाणार? आमचं घर पडलं, खळ्यावर चुलत्यांची चाळ उभी आहे, तिथं मला कोणी ओळखत नाही. नागपुरात माझी पेन्शन आहे, खोली आहे, तिथं सगळे मला चांगली बाई म्हणतात. पण माझं खरं काय ते माझ्या तोंडावर सांगणारं माणूस त्या खालापूरच्या मागच्या वाडीत आहे. घर म्हणायचं तर मी तिच्या ओटीलाच म्हणते.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी तिथं उतरणार आहे. चंद्री म्हणाली येते, तर दोघी येऊ. ती नाही म्हणाली, तर माझी खुर्ची मांडू नका.