दुसरा कप होईपर्यंत

आमचा ऑर्विल, म्हणजे माझा धाकटा भाऊ, गावच्या धान्याच्या कोठीवर जन्मभर गव्हाचे ट्रक तोलत होता. निवृत्त झाला आणि कॉम्प्युटरच्या नादाला लागला. उत्तर डाकोटातल्या आमच्या गावात तेव्हा घरोघरी ती पेटी नुकतीच आलेली, आणि दुरुस्त करणारा माणूस पार फार्गोला. त्यामुळे कुणाचंही यंत्र रुसलं की ऑर्विलला फोन. बूट काढून आत शिरला की त्याचं पहिलं काम ठरलेलं: डीफ्रॅग लावायचा.

माझा नवरा गेल्यापासून मी ऑर्विलकडेच राहते, त्यामुळे हे पुराण मला तोंडपाठ. "हे बघ लव्हॉन, मोठी फाइल एका जागी मावली नाही की यंत्र तिचे तुकडे करतं आणि दिसेल त्या भोकात कोंबतं. उघडायच्या वेळी ते तुकडे गोळा करत पळापळ. म्हणून हळू चालतं. डीफ्रॅग सगळे तुकडे उचलून ओळीनं लावतो."

"मग तुझ्या गॅरेजलाही एक लाव की," मी म्हणायचे.

पडद्यावर रंगीत चौकोन सरकायला लागले की हा शांतपणे बघत बसायचा. चांगला माणूस हो, पण अतिउत्साही.

हारलन लोकेन त्याचा जिवलग. कोठीवर दोघं शेजारी उभे राहून म्हातारे झाले. हारलनला घशाचा कॅन्सर झाला, तेव्हा ऑपरेशनआधी ऑर्विलनंच त्याच्या यंत्राला माइक जोडून दिला. हारलन रोज त्यासमोर बसून बायकोशी, होणाऱ्या नातवाशी बोलायचा, आणि ते बोलणं यंत्रात साठायचं. ऑपरेशननं आवाज गेला, आणि वसंतात हारलनही गेला.

ऑक्टोबरात त्याच्या बायकोचा, आर्डिसचा फोन आला. "ऑर्विलला सवड असेल तर... घाई काही नाही गं. यंत्र जरा हळू चालतंय, एवढंच."

आमच्याकडे 'घाई काही नाही' म्हणजे घराला आग लागलेली असते, हे शेंबडं पोरही सांगेल. पण कामाचं बोलायचं ते कॉफीच्या दुसऱ्या कपानंतर. त्याआधी विषय काढणारा उतावळा, आणि त्याआधी विचारणारा आगाऊ. ही आमची रीत. जळो ती रीत!

आम्ही गेलो. ऑर्विलनं आतल्या खोलीत यंत्र सुरू केलं, दुसऱ्या कपापर्यंत वेळ कशाला फुकट घालवा म्हणून डीफ्रॅग लावला, आणि टेबलाशी येऊन बसला. बिटाचं पीक झालं, पाद्रीबाबांचा गुडघा झाला. आर्डिस कॉफी ओतत होती ती निम्मी बशीत. मला कळलं की काहीतरी बिनसलंय. पण अजून पहिलाच कप चालू होता.

दुसरा कप संपला तेव्हा ती म्हणाली, "ऑर्विल, आणखी एक होतं बघ. परवा यंत्र सारखं जागा संपली, जागा संपली म्हणत होतं. म्हणून मी सगळ्यात जड होतं ते पुसलं, पडद्यावरची कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. ते हारलनचं बोलणं निघालं. पाद्रीबाबा म्हणाले, पुसलेलं परत काढता येतं. येतं ना रे?"

ऑर्विल उठला तो खुर्ची पाडूनच. मी मागोमाग. पडद्यावर चौकोन एका ओळीत सुरेख लागलेले. काम संपलं होतं.

"येतं," तो दाराशी आलेल्या आर्डिसला म्हणाला. "पुसलेलं लगेच जात नाही. यंत्र ती जागा फक्त मोकळी धरतं. तिथं दुसरं काही बसेपर्यंत ते तसंच असतं."

"मग काढ ना."

"मोकळ्या जागेत मी आत्ता सगळं नेऊन बसवलं, आर्डिस."

तिनं पुढे होऊन माऊस हलवून पाहिला. मग म्हणाली, "पण किती पटकन चालतंय बघ आता." आणि खजुराच्या वड्या बांधून द्यायला वळली. अगं बाई, शिव्या घाल त्याला, भांडी फेक! मनात म्हटलं, तोंडानं म्हणाले, "वड्या छान झाल्यात."

ऑर्विलनं तिची डिस्क घरी आणून नाना प्रोग्राम लावले. नुसती खरखर मिळाली. पुढच्या रविवारी चर्चमध्ये आर्डिस चारचौघांत म्हणाली, "ऑर्विलनं माझं यंत्र नव्यासारखं करून दिलं हो." त्याला सांभाळून घ्यायलाच बोलली बिचारी. त्याचा चेहरा मात्र राखेसारखा झाला. त्या दिवसापासून चर्च बंद, लोकांची यंत्रं बंद. फोन वाजला की मीच सांगायचे, बरं नाही त्याला.

फेब्रुवारीत दार वाजलं. आर्डिस. बर्फाचे बूट न काढता तशीच स्वयंपाकघरात आली. बूट न काढता! मी किटलीला हात घातला.

"कॉफी नको," ती म्हणाली. "ऑर्विल, हारलनचा आवाज मला आठवेनासा झालाय. काय बोलायचा ते आठवतं, पण कसा, ते नाही. तू जन्मभर त्याच्या शेजारी उभा होतास. बोलून दाखव."

"मला नाही गं जमणार."

"जमव."

ऑर्विलनं माझ्याकडे पाहिलं. मी किटली खाली ठेवली. मग त्यानं हनुवटी छातीला टेकवली, गळा जाड केला, आणि हारलन रोज ट्रकवाल्यांवर ओरडायचा तसा ओरडला, "ए शहाण्या, गहू आणलायस की चिखल?"

आर्डिस डोळे मिटून ऐकत होती. तिनं मान हलवली.

"नाही. असा नव्हता," ती म्हणाली, आणि कोटासकट खुर्ची ओढून बसली. "परत म्हण."