बॉथेलच्या राणीसाहेब

राणीसाहेबांनी काटा खाली ठेवला की जेवण संपायचं. त्यांचं एकटीचं नव्हे, सगळ्यांचं. त्या तीन घास खायच्या, चौथ्याचा विचार करायच्या आणि काटा अलगद ताटलीच्या कडेला टेकवायच्या. युरोपातल्या ज्या छोट्याशा राजदरबारात त्या जन्मल्या होत्या तिथला नियमच होता, राजघराण्यातल्या माणसाचं जेवण झालं की टेबलावरच्या सगळ्यांचं झालं. तो दरबार बुडून चाळीस वर्षं झाली होती. नियम मात्र सिॲटलजवळच्या बॉथेलमधल्या एका छोट्या घरात ठणठणीत होता, आणि त्यांच्या भाडेकरू म्हणून मी आणि मंदा रोज अर्धपोटी उठत होतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी पुण्याची, मंदा नागपूरची. दोघी मास्टर्स करत होतो आणि खोली शोधत फिरत होतो. दार उघडलं ते सत्तरीच्या, ताठ कण्याच्या बाईंनी. गळ्यात मोत्यांची माळ, पायात फाटक्या सपाता. मंदाने सवयीने पायांना हात लावून नमस्कार केला, म्हणून मीही केला. बाईंचे डोळे भरून आले.

"तीस वर्षं या देशात आहे," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर गुडघा वाकवणारं कुणी भेटलं नाही. आणि तुम्ही तर जमिनीपर्यंत!"

खोली तिथल्या तिथे मिळाली. त्यांनी काय समजून दिली हे आम्हाला आठवड्याभराने कळलं. तोवर आमचं सामान लावून झालं होतं, तेव्हा आम्ही गप्प बसलो.

खरं तर त्या राजकन्या. पण सत्तरीच्या बाईंना राजकन्या म्हणायला आमची जीभ वळेना, म्हणून राणीसाहेब. बढती मिळाल्याचं त्यांनी आनंदाने मान्य केलं. बसमधून उतरताना त्या ड्रायव्हरला हात हलवायच्या, तोही नुसत्या मनगटातून. इतक्या मनापासून, की बसमधले चार-पाच जण उलट हात हलवायचे.

उपासमारीवर उपाय मंदाने शोधला. काटा खाली यायला लागला की ती विचारायची, "राणीसाहेब, तुमच्या लहानपणी काय व्हायचं?" काटा हवेत थांबायचा आणि आम्ही दोघी भराभर हात चालवायचो. त्यांचं अख्खं चरित्र आम्हाला कळलं ते असं, पोटासाठी. राजवाड्यात स्वयंपाकघर आणि जेवणघर यांच्यामध्ये अकरा दालनं होती, त्यामुळे गरम सूप त्यांनी पहिल्यांदा चाखलं ते देश सोडल्यावर. तिशीपर्यंत एकही दार त्यांनी स्वतः उघडलं नव्हतं. अमेरिकेत आल्यावर पहिल्यांदा सुपरमार्केटसमोर उभ्या राहिल्या, तर दार आपोआप उघडलं. "तेव्हाच माझी खात्री पटली, हा देश सभ्य आहे."

धाकट्या बहिणीचा विषय निघाला की मात्र काटा लगेच खाली यायचा. ती तिकडेच अडकली होती, चाळीस वर्षांत भेट नव्हती. त्या हिवाळ्यात तिचं पत्र आलं. डोळे जात चालले होते. "दिसतंय तोवर ये," असं तिने लिहिलं होतं. तिकडच्या सरकारचा राणीसाहेबांना भरवसा नव्हता. अमेरिकन पासपोर्ट असल्याशिवाय त्या तिथे पाऊल टाकणार नव्हत्या. आणि अमेरिकेचं नागरिक व्हायचं, तर शपथ घेताना राजघराण्याची पदवी सर्वांसमोर सोडावी लागते. त्यांनी तो फॉर्म आजवर तीनदा आणला होता आणि तीनदा ड्रॉवरमध्ये टाकला होता.

"टायटल काय यार, इथे कोण विचारतं?" मंदा खोलीत मला म्हणाली. "बहिणीची भेट मिस झाली ना, तर लाइफभर रडतील त्या."

दुसऱ्या दिवशी जेवताना राणीसाहेबांनीच ते पत्र आम्हाला वाचून दाखवलं. काटा हवेत राहिला, पण त्या दिवशी आम्हीही जेवायचं विसरलो. "पदवी गेली तर माझ्याकडे उरतं काय?" त्यांनी विचारलं. मग पत्राची घडी घातली आणि म्हणाल्या, "पेन आणा."

नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी मंदाने करून घेतली. राष्ट्राध्यक्ष किती वर्षांसाठी निवडतात? "चार. एवढ्यात आमच्याकडे राज्याभिषेकाचा झगासुद्धा शिवून होत नसे." त्या पहिल्या झटक्यात पास झाल्या. शपथेच्या दिवशी पदवी सोडण्याचं वाक्य त्यांनी असं खणखणीत म्हटलं, की पदवी सोडतायत की बहाल करतायत ते कळेना. मला हसू आलं आणि रडूही.

घरी आल्यावर मंदा पाया पडायला वाकली. राणीसाहेब दोन पावलं मागे सरकल्या. "आता नको. दुपारीच सोडलं मी सगळं."

"हे त्यासाठी नव्हतंच कधी," मंदा म्हणाली. "आमच्याकडे मोठ्या माणसांच्या पाया पडतात. कुणाच्याही."

"पहिल्या दिवशीसुद्धा?"

"पहिल्या दिवशीसुद्धा."

त्या खुर्चीत बसल्या. आता आपली खोली गेली, असं मला वाटलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मोत्यांची माळ हलेपर्यंत त्या हसल्या. "म्हणजे वर्षभर मी तुमच्यासाठी नुसती म्हातारी होते?" म्हणाल्या. "बरं झालं. म्हातारपण सोडायला शपथेत सांगितलेलं नाही."

मंदाने वरणभात केला होता. तीन घास झाले, काटा खाली आला. आम्ही दोघींनीही आपापले काटे ठेवले, मुकाट्याने, ताटली अर्धी भरलेली असताना. राणीसाहेबांनी आमच्याकडे पाहिलं, ताटल्यांकडे पाहिलं. मग काटा परत उचलला आणि एकेक शीत टिपत राहिल्या, मंदाने तिसऱ्यांदा भात घेऊन संपवेपर्यंत.

पासपोर्ट आल्यावर त्या गेल्या आणि तिकडेच राहिल्या. आम्हाला एकच पत्र आलं. "वेळेवर पोचले. तिने मला पाहिलं आणि म्हणाली, किती म्हातारी झालीस. आता तिला दिसत नाही, म्हणून मी पुढे होते आणि तिच्यासाठी दारं उघडते. दारं इतकी जड असतात, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं."